गाडी कुठवर न्यायची, पाय कुठून सुरू करायचे

नमस्कार ताई,

मी फोर्ट कॉलिन्सला राहतो, मूळचा साताऱ्याचा. ऑफिसमधल्या एका अमेरिकन सहकाऱ्यांनी मला एल्कच्या, म्हणजे इथल्या मोठ्या हरणाच्या, शिकारीची गोडी लावली. ते 58 वर्षांचे आहेत. रायफल, नकाशा, मांस सोडवणं, सगळं त्यांनीच शिकवलं. आम्ही राउट नॅशनल फॉरेस्टमध्ये जातो, रस्त्याच्या टोकाला गाडी लावतो आणि आत चालत जातो. मागच्या हंगामात पहाटे चारला निघून, चढ चढून एका कुरणाच्या काठाला दबा धरून बसलो होतो. उजाडायच्या सुमाराला सात-आठ माद्या आणि एक नर कुरणात उतरले. तेवढ्यात दोघे जण एटीव्हीवरून, म्हणजे रानात चालणाऱ्या चारचाकी मोटारसायकलवरून, थेट कुरणात घुसले. ज्या वाटेने ते आले ती मोटारींना बंद असावी असं मला वाटतं, पण पाटी कुठे दिसली नाही. कळप गेला तो गेलाच.

आता माझ्या या सोबत्यांचा गुडघा कामातून गेलाय. ते म्हणतात, दोघांत मिळून एक साइड-बाय-साइड (दोघांनी शेजारी बसायची रानातली गाडी) घेऊ, नाहीतर मला आता जमणार नाही. मला ते पटत नाही. ज्याची आपल्याला चीड आली तेच आपण करायचं? पण असंही वाटतं की माझे पाय धड आहेत म्हणून मी मोठ्या माणसाला शहाणपण शिकवतोय. बायको विचारते, शंभर किलो मांस तीन मैलांवरून एकटा आणणार कसं? बाबा फोनवर म्हणतात, आमच्या लहानपणी शिकार जीपमधूनच व्हायची, गाडी असताना पायी कशाला मरतोस?

गाडी घेऊ का? सोबत्यांना काय सांगू? आणि त्या दोघांची तक्रार करायला हवी होती का?

ता. क. माझा मेहुणा एच-1बीवर आहे. त्यालाही यंदा यायचंय. चालेल ना?

एक वाचक, फोर्ट कॉलिन्स, कोलोरॅडो

नमस्कार,

गाडी घेऊ नका. सोबत्यांना मात्र सोडू नका. या दोन्ही गोष्टी एकदम जमतात. कशा, ते सांगते. त्यासाठी आधी त्या कुरणात नेमकं काय बिघडलं ते नीट पाहू, कारण तुमचा राग योग्य असला तरी तो थोडा चुकीच्या जागी बसलाय असं मला वाटतं.

तुम्ही राग यंत्रावर काढताय. पण तेच एटीव्ही त्या दोघांनी रस्त्याच्या टोकाला उभं करून ठेवलं असतं, तर तुम्हाला त्याचा काय त्रास होता? तुम्ही स्वतःही फोर्ट कॉलिन्सहून पिकअप किंवा एसयूव्ही घेऊनच जाता. रस्ता संपतो तिथे तुमचं इंजिन थांबतं आणि त्यांचं थांबलं नाही, फरक एवढाच. म्हणून प्रश्न असा विचारायला हवा की इंजिन कुठे थांबवायचं आणि दिवसाच्या कोणत्या वेळी ते चालू करायचंच नाही. यातलं पहिलं कायद्याने ठरवून दिलंय. दुसरं शिकाऱ्याने स्वतःशी ठरवायचं असतं, आणि खरी शिकार त्या दुसऱ्यावरच अवलंबून असते.

कायद्याचं आधी सांगते, कारण ‘पाटी दिसली नाही’ हे तुमचं वाक्य मी या डोंगरांत फार वेळा ऐकलंय आणि त्याला काही अर्थ नाही. 1972 च्या फेब्रुवारीत राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी आदेश क्रमांक 11644 काढला. सरकारी जमिनीवर रस्ता सोडून चालणाऱ्या वाहनांना आवर घालणारा हा पहिला मोठा आदेश. माती, पाणलोट, झाडोरा यांचं नुकसान, वन्यप्राण्यांना होणारा त्रास आणि त्याच जमिनीवर आलेल्या इतर माणसांशी होणारे खटके, हे सगळं कमीत कमी राहील अशा बेताने वाटा ठरवा, असं त्यात खात्यांना सांगितलं होतं. 1977 मध्ये कार्टर यांनी त्यात भर घातली : एखाद्या जागी वाहनांमुळे मोठी हानी होताना दिसली तर ती जागा ताबडतोब बंद करा. तरीही पुढची कितीतरी वर्षं जंगलात ‘बंद अशी पाटी नसेल तर खुलं’ अशीच वहिवाट राहिली. 2005 मध्ये फॉरेस्ट सर्व्हिसने, म्हणजे नॅशनल फॉरेस्ट सांभाळणाऱ्या केंद्रीय खात्याने, नवा नियम आणून ती उलटी केली. आता नॅशनल फॉरेस्टमध्ये जी वाट मोटारींसाठी नेमून दिलेली आहे तेवढीच खुली, बाकी सगळं बंद. आणि नेमून दिलेल्या वाटा दाखवणारा एक नकाशा प्रत्येक विभागासाठी निघतो, मोटर व्हेईकल यूज मॅप. लोक त्याला नुसतं एमव्हीयूएम म्हणतात. दिसायला अगदी रुक्ष, काळापांढरा, डोंगराचे उतारही धड दाखवत नाही. पण कोर्टात तोच चालतो. पाटी कोणी उखडली असेल, बर्फात आडवी झाली असेल, मुळात लावलीच नसेल, तरी नकाशावर ती वाट नसेल तर तिथे चाक घालता येत नाही. नियम मोडला तर दंड 5,000 डॉलरपर्यंत आणि कैद सहा महिन्यांपर्यंत होऊ शकते.

हा नकाशा फुकट मिळतो. रेंजर स्टेशनात मागा किंवा फोनवर उतरवून घ्या. प्रत्येक वाटेपुढे कोणत्या प्रकारची वाहनं चालतात आणि वर्षातल्या कोणत्या तारखांना चालतात ते त्यात लिहिलेलं असतं, तेही बघा, कारण उन्हाळ्यात खुली असलेली वाट शिकारीच्या हंगामात बंद असू शकते. आज संध्याकाळीच त्या कुरणाची वाट नकाशावर शोधा. ती मोटारींना खुली निघाली, तर त्या दोघांनी वाटेवर असेपर्यंत कायदा मोडलेला नाही. कुरणात चाकं घातली तिथे मात्र मोडला.

विल्डरनेस म्हणून राखलेल्या भागात तर प्रश्नच नाही. 1964 च्या कायद्याने तिथे मोटारच काय, सायकलही चालत नाही. मांस ओढायची दोन चाकांची हातगाडीसुद्धा नाही. पाय, घोडा, खेचर, एवढंच. आणि ई-बाइकचा विचार मनात असेल तर तोही सांगून टाकते : फॉरेस्ट सर्व्हिसच्या लेखी ई-बाइक हे मोटार वाहन आहे. जिथे मोटारी चालतात तिथेच ती चालते.

आता एल्ककडे येऊ.

ओरेगनमध्ये ला ग्रँड गावाजवळ स्टार्की नावाचं एक प्रायोगिक जंगल आहे. सुमारे 25,000 एकर, भोवती आठ फूट उंच कुंपण, आत एल्क, हरणं आणि उन्हाळ्यात चरायला सोडलेली गुरं. तिथे एल्कच्या गळ्यात रेडिओ कॉलर बांधून संशोधकांनी चार तऱ्हेची माणसं आत सोडली : एटीव्हीवरची, माऊंटन बाइकवरची, पायी चालणारी आणि घोड्यावरची. चारही बाबतीत एल्क हलले. सगळ्यात जास्त एटीव्हीला, त्याखालोखाल सायकलला, मग पायी माणसाला, आणि सगळ्यात कमी घोड्याला. एल्क पळतो तेव्हा त्याच्या पोटात जायचा चारा बुडतो आणि हिवाळ्यासाठी साठवलेली चरबी जळते, म्हणून ही धावपळ नुसती शिकाऱ्याच्या हिरमोडापुरती राहत नाही.

यात पायी माणूसही आहे, तेवढं ध्यानात ठेवा. आपल्याकडे कोलोरॅडोतच, व्हेलच्या परिसरात, विणीच्या काळात संशोधकांनी मुद्दाम पायी जाऊन माद्यांना उठवून पाहिलं. उठवलेल्या माद्यांमागे पाडसांचं प्रमाण घटलं, आणि पुढे हा त्रास थांबवल्यावर ते पुन्हा सावरलं. त्यामुळे ‘मी चालतो म्हणजे मी निर्दोष’ असं मानू नका. कळपाला आवाज कळतो, वास कळतो, हालचाल कळते. ती कमी करणं हे आपलं काम. चालण्याने ते सोपं होतं, आपोआप होत नाही. भलत्या वाऱ्याने चालत गेलेला शिकारीही कुरण रिकामं करतोच. सकाळी गार हवा उतारावरून दरीकडे सरकते आणि ऊन तापलं की वर चढायला लागते. हे ज्याला ठाऊक नाही तो कितीही मैल चालला तरी त्याचा वास त्याच्या आधी पोचतो.

पण इंजिनाचं नुकसान वेगळ्या मापाचं असतं, आणि ते तुमच्या एका सकाळीपुरतं नसतं. हंगामाच्या पहिल्या एक-दोन दिवसांत रस्त्यांवरून, फाट्यांवरून घरघर सुरू झाली की एल्क सरकारी जंगल सोडून खाजगी रँचवर जाऊन बसतात. तिथे मालकाच्या परवानगीशिवाय त्यांना कोणी हात लावू शकत नाही. मग पूर्ण हंगामभर सरकारी जमिनीवर हजारो माणसं रिकाम्या जंगलात हिंडतात आणि संध्याकाळी कुंपणापलीकडे शंभर-शंभर एल्क चरताना बघतात. पैसेवाला रँचवर शिकार विकत घेतो. ज्याच्याकडे फक्त परवाना आणि दोन पाय आहेत त्याच्या हातून शिकार जाते. या देशात कोट्यवधी एकर जंगल सगळ्यांचं आहे, त्यात तुम्ही-आम्ही, सातासमुद्रापलीकडून आलेले लोकही आलो, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. साताऱ्यात किंवा नागपुरात वाढलेल्या माणसाला कोणाच्या मेहरबानीशिवाय राउटच्या कुरणाकाठी बसता येतं, ते त्या जमिनीमुळे. तिथलं जनावर यंत्राने हुसकून कुंपणाआड घालवणं म्हणजे ज्याच्याकडे रँच नाही अशा प्रत्येकाचं काहीतरी हिरावून घेणं आहे. माझा विरोध आहे तो इथे, आणि तो मी मवाळ करणार नाही.

तुमच्या बाबांचं म्हणणं खरं आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर आपल्याकडे जीप सर्रास मिळू लागल्या आणि रात्री दिवा टाकून, डोळे चमकले की बार काढायचा, ही शिकार सुरू झाली. त्याचा शेवट काय झाला तेही त्यांना सांगा. 1947 मध्ये आजच्या छत्तीसगडमधल्या कोरिया संस्थानच्या महाराजांनी रात्री गाडीतून जाताना एकत्र बसलेले तीन चित्ते मारले. भारतातले शेवटचे म्हणून त्यांचीच नोंद केली जाते. पाच वर्षांनी चित्ता देशातून नामशेष झाल्याचं सरकारने जाहीर केलं. त्याला एकटी जीप कारण नव्हती, माळरानं नांगराखाली जात होती, चित्ते आधीपासूनच पकडले-मारले जात होते. पण उरलंसुरलं संपवायला गाडी आणि दिवा पुरला. आपल्या 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार अजून पूर्ण बंद नव्हती, परवान्यावर चालू होती, आणि त्याच कायद्यात एक कलम होतं : चाकाच्या किंवा यंत्रावर चालणाऱ्या वाहनातून शिकार करायची नाही, वाहनाने जनावर हाकायचं नाही. 1991 च्या दुरुस्तीत शिकारच जवळजवळ संपूर्ण बंद झाली तेव्हा त्या कलमाची गरज उरली नाही. निक्सन यांचा आदेश आणि आपला कायदा एकाच वर्षातले. दोन देशांनी एकमेकांना न विचारता एकच गोष्ट ओळखली होती.

बाबांच्या लहानपणीच्याच गावांत हाकाही होता, माग काढणारेही होते, पाणवठ्याच्या चिखलातला खूर बघून कळप कधी गेला ते सांगणारे होते. त्यांच्याबद्दल विचारा. बाबांना आठवेल, आणि तुमचा पुढचा फोन लांबेल.

आता तुमची बायको. तिचा प्रश्न या पत्रातला सगळ्यात शहाणा प्रश्न आहे, कारण पायी शिकारीचा सगळा अभिमान मांसापाशी येऊन अडतो. मोठा नर एल्क जिवंतपणी तीनशे किलोच्या वर भरतो. हाडं काढून त्यातून 80 ते 100 किलो मांस निघतं. हाडासकट ठेवलं तर मागचा एक फराच पंचवीस-तीस किलोचा. पाठीवर तीस किलो घेऊन डोंगरात सावधपणे चालणारा माणूस धडधाकट समजावा, म्हणजे एकट्याला चार खेपा. मैलभर आत जनावर पडलं तर चार वेळा भरलेलं बाहेर आणि तीन वेळा रिकामं आत, असे सात मैल. तीन मैल आत पडलं तर एकवीस. आणि हे कोणत्या उंचीवर? कळसूबाईचं शिखर 1,646 मीटर, म्हणजे जवळपास डेन्व्हर शहराच्याच उंचीचं. ऑक्टोबरात तुम्ही जिथे एल्क शोधता ती रानं नऊ ते अकरा हजार फुटांवर असतात, आपल्या महाराष्ट्राच्या माथ्याच्या जवळजवळ दुप्पट. तिथे एकट्याने एकवीस मैल ओझं वाहायला दोन दिवस लागतात आणि दुपारी ऊन असेल तर पहिल्याच दिवशी हाडाजवळचं मांस आंबायला लागतं.

कोलोरॅडोत खाण्याजोगं मांस रानात टाकून येणं हा गुन्हा आहे. चारही फरे, पाठीचं मांस, आतली कोवळी पट्टी, सगळं बाहेर आलंच पाहिजे. कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं. जे जनावर वेळेत बाहेर काढता येणार नाही त्यावर गोळी झाडू नये. म्हणून किती दूर जायचं हे पायांच्या दमावर ठरवू नका, खेपांच्या हिशेबावर ठरवा. दोघे असाल तर प्रत्येकी दोन खेपा. दोन मैलांवर जनावर पडलं तर प्रत्येकी सहा मैल. थंडीच्या दिवसांत ते जमतं. त्यापुढे जायचं असेल तर घोडी लागतील.

घोड्यांचा हा पर्याय आपल्या मराठी मंडळींना सहसा सुचत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते. फॉरेस्ट सर्व्हिसचा परवाना असलेले पॅकर शिकारीच्या हंगामात मांस बाहेर काढून देतात. काही जण तुमचा तळही आत नेऊन टाकतात आणि ठरल्या दिवशी परत आणतात. हंगाम सुरू व्हायच्या कितीतरी आधी त्यांच्याशी बोलावं लागतं, कुठल्या खोऱ्यात असाल ते सांगावं लागतं, कारण ऐनवेळी त्यांची जनावरं दुसऱ्या कोणाकडे गेलेली असतात. परवाना दाखवा म्हणून विचारायला लाजू नका. साइड-बाय-साइडचे अर्धे पैसे, शिवाय ट्रेलर, विमा, दुरुस्ती, ठेवायला जागा, रस्त्याबाहेरच्या वाहनांना लागणारं कोलोरॅडोचं ओएचव्ही स्टिकर, हे सगळं जमेला धरा. त्या पैशांत तुम्हा दोघांची पुढच्या कित्येक वर्षांची मांसवाहतूक घोड्यावर होईल. आणि स्टार्कीत एल्क सगळ्यात कमी कोणाला बुजले ते वर सांगितलंच आहे.

सोबत्यांच्या मनात साइड-बाय-साइडने थेट पडलेल्या जनावरापर्यंत जायचं असेल, तर तेही तपासून घ्या. काही फॉरेस्टमध्ये नेमलेल्या वाटेपासून ठरावीक अंतरापर्यंत मेलेलं जनावर उचलायला वाहन नेण्याची सवलत असते. तसं नकाशावर स्पष्ट लिहिलेलं असतं. लिहिलेलं नसेल तर सवलत नाही, असं समजून चाला. म्हणजे बारा-पंधरा हजार डॉलरची गाडी घेऊनही शेवटचा मैल पाठीवरच यायचा, अशी पाळी बहुतेक ठिकाणी येते. हे त्यांना नकाशा समोर ठेवून दाखवा. पैशाचा निर्णय तत्त्वापेक्षा नकाशाने लवकर बदलतो.

पण त्यांच्याशी बोलायची सुरुवात नकाशाने करू नका.

ज्या माणसाने तुम्हाला हे सगळं शिकवलं तो आता म्हणतोय की मला चालवत नाही. त्यांनी ‘गाडी घेऊ’ म्हटलं ते बहुधा ‘मला मागे टाकून जाऊ नकोस’ असं म्हणणं आहे. 58 व्या वर्षी गुडघा गेलेल्या शिकाऱ्याला शिकार सुटण्याची जी धास्ती असते ती मी जवळून पाहिलेली आहे. ती माणसं फारसं बोलत नाहीत, एकदम यंत्रांच्या किमती सांगायला लागतात. तेव्हा तुम्ही पायी शिकारीचं सोवळं नेसून त्यांच्यासमोर उभे राहू नका. तुम्ही मनातल्या शंकेबद्दल लिहिलंत, ती रास्त आहे. चालणं ही तुमच्या वयाची आणि हाडांची देणगी आहे, त्यात तुमचं कर्तृत्व थोडंच. आधी त्यांना डॉक्टरने काय सांगितलंय ते विचारा. किती चालवतं, चढ जास्त दुखतो की उतार, ओझं झेपतं का. गुडघ्याला बहुतेकांच्या बाबतीत उतार जड जातो, आणि त्यावर जागा निवडता येते.

मी त्यांच्या जागी असते तर मला फाटकाने बंद केलेले रस्ते हवे असते. लाकूडतोडीसाठी पूर्वी काढलेले, आता मोटारींना बंद केलेले असे रस्ते या जंगलांत भरपूर आहेत. चढ सौम्य, पायाखाली दगडधोंडे कमी, दोन काठ्या घेऊन दुखऱ्या गुडघ्याचा माणूस मैल-दीड मैल सावकाश जाऊ शकतो. मोटार जात नाही म्हणून अशा रस्त्याच्या कडेची कुरणं शांत असतात. आणि विल्डरनेसबाहेर अशा बंद रस्त्यावर मांसाची दोन चाकांची हातगाडी नेता येते, म्हणजे पाठीवरचं ओझं चाकांवर येतं आणि इंजिनही लागत नाही. एमव्हीयूएम आणि उंचसखल दाखवणारा साधा नकाशा शेजारी शेजारी ठेवले की हे रस्ते पटकन सापडतात : साध्या नकाशावर आहेत, एमव्हीयूएमवर नाहीत. त्यातले उत्तरेकडच्या उताराला लागून जाणारे निवडा. दिवसा एल्क त्या गर्द, गार झाडीत बसतात आणि तिन्हीसांजेला तिथून खाली उतरतात. सोबती रस्त्याच्या वळणावर बसतील, तुम्ही वरून वारा सांभाळत फिराल. जागा ओळखणं, हिवाळ्याआधी कळप कोणत्या खिंडीतून उतरतात ते सांगणं, ही त्यांची विद्या गुडघ्यात नाही. ती वापरा.

त्यांचं दुखणं कायमचं आणि मोठं असेल, तर अपंगत्व असलेल्या शिकाऱ्यांसाठी कोलोरॅडो पार्क्स अँड वाइल्डलाइफ हे राज्याचं वन्यजीव खातं खास सवलतीचे परवाने देतं, त्यात उभ्या वाहनातून नेम धरण्याचीही मुभा मिळू शकते. हे त्यांना मी सुचवलं म्हणून सांगू नका, त्यांनी स्वतः विषय काढला तर माहिती पुढे करा. अशा माणसाने नेमलेल्या वाटेवर गाडी नेऊन तिथून शिकार केली तर माझी त्याला काहीही हरकत नाही, आणि तुमचीही नसावी.

आणि समजा, एवढं सगळं करूनही त्यांनी स्वतःच्या पैशाने ती गाडी घेतली. मग? मग त्यांच्याबरोबर जा. फक्त दोन गोष्टी आधी बोलून ठेवा. नकाशावर नसलेल्या वाटेला चाक लागणार नाही. आणि पहाटे अंधारातच गाडी जागेवर लावून जे इंजिन बंद होईल ते सकाळी उशिरापर्यंत, ऊन चांगलं वर येईपर्यंत, पुन्हा चालू होणार नाही. संध्याकाळचे शेवटचे दोन तासही तसेच. कोलोरॅडोत शिकारीची वेळ सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत, आणि एल्क उघड्यावर असतात ते तिच्या दोन टोकांना. तेवढा वेळ शांत राहिला तर तुमच्यासारखाच दुसरा कोणीतरी चालत आलेला माणूस पलीकडच्या कुरणाकाठी बसलेला असेल, त्याची सकाळ वाचते.

तक्रारीचं. हो, करायला हवी होती, आणि वाट नकाशावर नसेल तर अजूनही करता येईल. कुरणातले चाकांचे ओरखडे पुढची कितीतरी वर्षं राहतात, ओल्या कुरणात तर पाणी त्याच चराने वाहायला लागतं आणि तो ओहोळ होतो. त्या रानात जाऊन त्या खुणांचे फोटो काढा, फोनवर ठिकाणाची नोंद घ्या, मागच्या हंगामातली तारीख-वेळ आठवत असेल तेवढी लिहा आणि फॉरेस्ट सर्व्हिसच्या तिथल्या रेंजर कार्यालयाला द्या. ते दोघे आता सापडणार नाहीत, पण ती वाट अडवायला कार्यालयाला अशाच नोंदी लागतात. पुढच्या वेळी समोर घडलं तर वाहनाचा रंग, स्टिकरचा क्रमांक, माणसांचं वर्णन टिपा. वाहनाने जनावरं हाकली किंवा वाहनातून गोळी झाडली, तर तो राज्याच्या शिकार कायद्याखालचा गुन्हा. त्यासाठी ऑपरेशन गेम थीफ नावाची व्यवस्था आहे, नाव न सांगता कळवता येतं. जागेवर जाऊन भांडू मात्र नका. दोन्हीकडे भरलेल्या रायफली असताना कोण बरोबर याचा निकाल जंगलात लावायचा नसतो.

मेहुण्याचं उत्तर ताज्या कलमात आलं तरी कमी महत्त्वाचं समजू नका, ते चुकलं तर त्याची नोकरी आणि इथला मुक्काम दोन्ही धोक्यात येतील. एच-1बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला या देशात केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला बंदी आहे. त्याला जे अपवाद आहेत त्यातला एक म्हणजे अमेरिकेत रीतसर मिळालेला, चालू मुदतीचा शिकार परवाना जवळ असणं. म्हणून क्रम असा : आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स, मग परवाना, आणि परवाना हातात येईपर्यंत तुमच्या रायफलीला ‘जरा धरून बघू’ म्हणूनही हात नाही. कोर्समधल्या नेमबाजीच्या वर्गाला जायच्या आधीसुद्धा त्याने आपल्या इमिग्रेशन वकिलाला एक ईमेल करावा आणि उत्तर लेखी घ्यावं. परवाना मिळाला तर रानात अंगावर झगझगीत केशरी किंवा गुलाबी, कमरेच्या वर किमान 500 चौरस इंच, आणि डोक्यालाही तोच रंग. कोणाच्या एटीव्हीवर मागे बसायची वेळ आलीच तर रायफल पूर्ण रिकामी, चेंबरमध्येही नाही आणि मॅगझिनमध्येही नाही, आणि चारही बाजूंनी बंद पिशवीत. कोलोरॅडोचा नियम तसाच आहे. परवाना वेळेत मिळाला नाही तर त्याला बंदुकीविना न्या. मांस वाहायला तिसरी पाठ मिळाली तर तुमच्या खेपा कमी होतील, हे तुमच्या बायकोलाही सांगा.